सरळ सात

बुधवारी सकाळी रऊफ स्वतः चहाचे दोन पेले घेऊन मागे आला, तेव्हाच लबीबच्या मनात पाल चुकचुकली. एरवी चहा समोरच्या कहवाखान्यातून यायचा आणि लबीबच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर गार व्हायचा. त्याचं टेबल दुकानाच्या अगदी मागे, आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी होतं आणि पुढे एक लाकडी आडभिंत होती. गिऱ्हाइकांना तो दिसत नसे आणि त्याला गिऱ्हाइकं दिसत नसत. अठ्ठावन्न वर्षं तो या सोयीने जगत आला होता. तो घड्याळजी नव्हता. घड्याळाच्या तबकड्या साफ करायच्या, गेलेले आकडे नि अक्षरं बारीक कुंचल्याने पुन्हा भरायची, एवढंच त्याचं काम. अब्दीन पेठेतल्या सगळ्या गल्ल्यांत हे काम करणारा आता तो एकटाच उरला होता.

"अम्म लबीब, या शुक्रवारी तुम्ही यायचं," रऊफ म्हणाला. तो लबीबला अम्म, म्हणजे काका, म्हणायचा.

"शुक्रवारी माझी सुट्टी असते."

"माहीत आहे. पण मंडळी यायचीयेत ना. डॉक्टर सफवत सरळ साताचं घड्याळ बघणार आहे. बहुतेक घेईलच."

लबीबने पेला तोंडाला लावला. चहा गरम होता, जीभ पोळली.

मंडळी म्हणजे जुनी घड्याळं जमवणारे लोक. दर महिन्याच्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, रऊफ दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि आत यांचा अड्डा भरायचा. आणि सरळ साताचं घड्याळ म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांत या लोकांना लागलेलं एक वेड.

त्या वेडाची गोष्ट लबीबला पाठ होती, कारण आडभिंतीमागून त्याने ती दहा वेळा तरी ऐकली होती. फार पूर्वी स्विस कारखान्याने इकडच्या लोकांसाठी अरबी आकड्यांची घड्याळं काढली. अरबी सात म्हणजे तोंड वर केलेला चिमटा आणि आठ म्हणजे तोच चिमटा पालथा. कारखान्यातल्या कुणा चित्रकाराने, ज्याला या आकड्यांचं ओ की ठो कळत नव्हतं, बाराच्या बारा आकडे पाय मधोमध करून गोल मांडले. तबकडीच्या खालच्या अर्ध्यात ते आपोआप डोक्यावर उभे राहिले. बाकीच्यांचं फार बिघडलं नाही. पण उलटा झालेला सात आठ दिसायला लागला, आणि आठ सात. सहानंतर आठ, मग सात, मग नऊ. अशी घड्याळं अजूनही ढिगाने मिळतात. मात्र काही थोड्या घड्याळांत सात आणि आठ सरळ उभे आहेत. मंडळींचं म्हणणं असं, की कारखान्याला चूक कळली, त्याने शेवटची चाळीस सुधारून काढली आणि मग ते काम बंद केलं. चाळिसांतली अकराच आज ठाऊक आहेत. त्यातलं एक रऊफच्या तिजोरीत होतं.

या गोष्टीत एकच गोम होती. ते सात आणि ते आठ लबीबने काढले होते.

"डॉक्टर फार चौकस आहे," रऊफ म्हणाला. "त्याचं म्हणणं, माल आला तेव्हा दुकानात असलेलं कुणी हयात आहे का. मी म्हटलं, आहे की. तुम्ही फक्त सांगायचं आणि एका कागदावर सही करायची. पेटी तुमच्यासमोर उघडली आणि तबकड्या अशाच होत्या."

"अशा नव्हत्या रे."

"पेटी तुमच्यासमोर उघडली की नाही?"

"उघडली."

"आत तबकड्या होत्या की नाही?"

"होत्या."

"मग खोटं कुठे आहे त्यात?"

लबीबला हसू आलं. रऊफचा बाप, दुकानाचा जुना मालक उस्ता मिद्हत, असाच बोलायचा. पण तो गिऱ्हाइकाला हसवायला बोलायचा.

"हा सौदा झाला की दुकान नवं करणार आहे मी," रऊफने पेले उचलले. "ही आडभिंत काढायची, मागे काचेची कपाटं करायची. तुमचं टेबल मात्र हलवणार नाही, अम्म. तुम्ही आहात तोवर ते इथेच." तो जाता जाता थांबला. "शुक्रवारी या म्हणजे झालं."

आलो नाही तर टेबल जाणार, हे लबीबला कळलं.

शुब्रामधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लबीब आणि त्याची विधवा बहीण बहीगा दोघंच राहत. तो घरी पोचला तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून मुलूखियाच्या भाजीची पानं देठावरून खुडत होती. त्याने सगळं सांगितलं. ती खुडत राहिली.

"म्हणजे तुझ्या हाताचं काम ते लोक देव्हाऱ्यात ठेवतायत," ती म्हणाली, "आणि तू सांगणार की ते माझं नाही."

"मी असलं काही सांगणार नाही. मी फक्त..."

"फक्त काय?"

"काही बोलणार नाही. सही करीन."

"वा. लहानपणी शिक्षक छडी घेऊन आले की तू आपणहून हात पुढे करायचास. चूक कुणाची का असेना."

"टेबल गेलं तर दिवसभर काय करू मी, बहीगा?"

"माझं डोकं खाशील. आत्ता काय वेगळं करतोयस?"

तो बाल्कनीत जाऊन बसला. आपण ते आकडे खरंच काढले का, अशीही एक शंका त्याला चाटून गेली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसाला वाटतं आपण केलं आणि केलेलं असतं दुसऱ्यानेच. पण मग त्याला ती पेटी आठवली. नदीच्या डेल्टातल्या एका सरकी काढायच्या गिरणीने मुकादमांना बक्षीस म्हणून ती चाळीस घड्याळं घेतली होती. बहुतेकांच्या मनगटावर जन्मात पहिल्यांदाच घड्याळ चढत होतं. पाळी सातला सुटायची. मुकादम काटा सातावर यायची वाट बघत बसला, आणि त्याला दिसणारा सात तर आठाच्या जागी. माणसं एक तास जास्त राबली, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाण्याने त्यांना ते सांगितलं. त्या मुकादमाला त्यांनी कापसाच्या गठ्ठ्यात कोंबून ठेवलं होतं म्हणे. गिरणीच्या कारकुनाने पेटी आणून उस्ता मिद्हतच्या समोर आदळली. माल परत पाठवायचा तर सहा महिने जाणार. उस्ताने पेटी वीस वर्षांच्या लबीबपुढे सरकवली आणि म्हणाला, "पोरा, एवढे दोनच काढ. बाकी तबकडीला श्वाससुद्धा लागता कामा नये."

चाळीस घड्याळं, ऐंशी आकडे. संत्र्याच्या लाकडाची काडी तासून तिच्या टोकाला स्पिरिटचा थेंब घ्यायचा आणि खालचा लाखेचा लेप न दुखवता नुसती शाई उचलायची. मग तीन केसांचा कुंचला. श्वास धरून एक फाटा, श्वास सोडायचा, श्वास धरून दुसरा. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी उस्ता मिद्हतने भिंग लावून सगळ्या तबकड्या बघितल्या, बराच वेळ बघितल्या, आणि त्याच्यासाठी कबाब मागवले.

नाही, ते त्यानेच काढले होते.

शुक्रवारी दुकानात सहाजण जमले. लबीब आडभिंतीपाशी स्टुलावर बसला, कुणाच्या डोळ्यांत येणार नाही असा. काउंटरवर हिरव्या बनातीचा ट्रे होता आणि प्रत्येकाने आणलेलं एकेक घड्याळ त्यात ठेवलं होतं. या लोकांची एक रीत होती: दुसऱ्याचं घड्याळ हातात घेतलं की आधी कानाला लावायचं, मग बघायचं. दाताचा डॉक्टर सफवत, जाडजूड, मऊ आवाजाचा, एकेक घड्याळ कानाला लावून डोळे मिटत होता. आजारी बाळाच्या छातीला कान लावावा तसा.

"माझा मुलगा मला हसतो," तो म्हणाला. "म्हणतो, बाबा, फोन याच्यापेक्षा बरोबर वेळ दाखवतो. त्याला सांगतो, बरोबर वेळ कुणाला हवीय? याला मी सकाळी किल्ली देतो, तेव्हा ते दिवसभर चालतं. नाही दिली तर थांबतं. मी आहे म्हणून ते आहे. आणि माझ्याआधी ही किल्ली कुणीतरी रोज फिरवत होता, तो मेला, पण त्याच्या बोटांनी झिजलेले दाते माझ्या बोटाला लागतात. फोनला असं कुणी आहे का?"

"मला ओरखडे आवडतात," दालिया म्हणाली. ती मंडळीत सगळ्यात तरुण, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. "पॉलिश केलेलं घड्याळ मला दात काढलेल्या माणसासारखं वाटतं. डॉक्टरसाहेब, रागावू नका."

"रागावतो कशाला? माझं पोट त्याच्यावरच चालतं."

सगळे हसले. लबीबही हसला. ही माणसं त्याला आवडली. तो स्वतः जन्मभर याच गोष्टीवर जीव लावून बसला होता. फक्त असं बोलून दाखवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

रऊफने तिजोरीतून सरळ साताचं घड्याळ आणून बनातीवर ठेवलं. सफवतने ते कानाला लावलं, मग डोळ्याला भिंग चढवलं आणि दिव्याखाली वाकला.

"सातापाशी शाई जरा वेगळी दिसते," तो म्हणाला.

"दुसरा छाप," रऊफ लगेच म्हणाला. "आधीचा पुसून कारखान्यातच मारलेला."

"हं. असेल. काय रेघ आहे पण." सफवतचा आवाज घोगरा झाला. "बघा, एवढाही कंप नाही. ही शिस्त यंत्राचीच. आपल्याकडच्या कुणा तबकडी रंगवणाऱ्याच्या हातात हे पडलं असतं ना, तर घोड्याच्या नालासारखा सात काढून ठेवला असता. किती सुंदर घड्याळं या लोकांनी नासवली. हात नाही, नजर नाही, आणि कुंचला मात्र आहे."

"अम्म लबीब," रऊफने वळून पाहिलं, "या ना पुढे. सांगा डॉक्टरांना. पेटी आली तेव्हा तुम्ही होतात ना इथे?"

सहा चेहरे त्याच्याकडे वळले. एवढ्या माणसांनी एकदम त्याच्याकडे बघितल्याला किती वर्षं झाली असतील, त्याला सांगता आलं नसतं. तो स्टुलावरून उठला. बोलायचं काय, हे त्याने ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ठरवलं होतं. सही करायची ठरवली होती.

"होतो," तो म्हणाला. "पेटी मीच उघडली. आत चाळीसही तबकड्यांचे सात उलटे होते. सरळ मी केले."

ट्रेमधली सात घड्याळं तेवढी टिकटिकत होती.

"अम्मचं वय झालंय," रऊफ हसून म्हणाला. "कधी कधी घोटाळा होतो त्यांचा. अठ्ठ्याहत्तर चालू आहे, डॉक्टर."

लबीबच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "वय झालंय," तो म्हणाला. "घोटाळा नाही झाला. डॉक्टर, दिवा बाजूला घ्या. वरून नाही, आडवा. आता साताचा उजवा फाटा बघा. टोकाला रंग किंचित उचललेला दिसेल. छापाची शाई सपाट बसते. आणि तो उचललेला ठिपका डावीकडे नाही, उजवीकडे आहे, कारण मी डावखुरा आहे."

सफवत हलला नाही. दालियाने त्याच्या हातातून भिंग काढून घेतलं, दिवा आडवा केला आणि बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आहे," ती म्हणाली.

"धूळ असेल," रऊफ म्हणाला.

लबीब आडभिंतीमागे गेला. कुंचला, रंगाची कुपी आणि रंगवायला आलेली एक कोरी तबकडी घेऊन तो परत आला आणि काउंटरवरची घड्याळं हाताने बाजूला सारून त्याने जागा केली. असं त्याने याआधी कधी केलं नव्हतं. त्याने मनगट काउंटरच्या कडेवर टेकवलं, श्वास धरला. एक फाटा. श्वास सोडला. पुन्हा धरला. दुसरा फाटा. तबकडी त्याने दालियापुढे सरकवली.

ती या तबकडीवरून त्या तबकडीवर आणि परत, असं चारदा बघत राहिली. मग भिंग सफवतच्या हातात दिलं. त्यानेही बघितलं. भिंग काढलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. त्याने स्वतःची डावी बाही वर केली. ट्रेमध्ये न ठेवलेलं एक सरळ साताचं घड्याळ तिथेही होतं.

"हे मी तीन वर्षांपूर्वी घेतलं," तो म्हणाला. "बायकोला न सांगता. रोज रात्री उशाशी ठेवतो. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? एका वाक्यात अकरा घड्याळं नासवलीत."

"थांबलं का ते?" लबीबने विचारलं.

"काय?"

"तुमचं घड्याळ. मी बोललो म्हणून थांबलं का?"

"तसं नाही हो. पण ते आता अस्सल राहिलं नाही."

"नासवली ती कारखान्याने," लबीब म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. "मी दुरुस्त केली. तुम्हाला अस्सलच हवं असेल तर उलट्या साताचं घ्या, बाजारात ढीग पडलाय. फक्त ते बघून सातची गाडी पकडायला जाऊ नका. आणि हात नाही, नजर नाही म्हणालात. आत्ता तुम्हीच घोगऱ्या आवाजात कुणाच्या हाताचं कौतुक करत होतात? यंत्र समजून केलंत, म्हणून ते परत घेता येणार नाही."

मागे उभ्या असलेल्या एकाला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

रऊफने सरळ साताचं घड्याळ उचलून तिजोरीत ठेवलं आणि तिचं दार जरा जोरातच लावलं. "उद्यापासून येऊ नका, अम्म," तो लबीबकडे न बघता म्हणाला. "तुमच्या मागे मी काय काय निस्तरायचं?"

"येत नाही."

टेबल दुकानाचं होतं. कुंचले, काड्या, भिंग आणि कुप्या त्याच्या होत्या. त्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मागच्या दाराने चौकातून जायची त्याची सवय. आज तो पुढच्या दाराकडे निघाला. मंडळी बाजूला झाली. शटर अर्धंच वर होतं म्हणून त्याला वाकावं लागलं, आणि वाकताना पुडकं सुटून दोन कुंचले फरशीवर घरंगळले. दालियाने उचलून दिले.

"तुमचं पूर्ण नाव काय?" तिने विचारलं.

"कशाला?"

"माझ्या वहीत त्या घड्याळापुढे कारखान्याचं नाव लिहिलंय. त्याच्याखाली लिहायचंय."

"लबीब मुतवल्ली," तो म्हणाला. "नीट लिहा. लोक एक ल खातात."

पुढच्या आठवड्यात शुब्रातल्या बाल्कनीच्या कठड्यावर एक पाटी लागली. घड्याळाच्या तबकड्या रंगवून मिळतील; नव्या म्हणून विकणाऱ्यांनी जिने चढू नयेत. बहीगाने ती वाचली आणि म्हणाली, "तू गिऱ्हाइकं बोलावतोयस की हाकलतोयस, ते एकदा ठरव." तरी शिवणाच्या मशीनवरचं कापड काढून तिने ते टेबल खिडकीशी लावून दिलं, आणि तिथे तेल सांडलं तर हात मोडीन असंही सांगितलं.

दहा दिवस कुणी आलं नाही. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. त्याचे आकडे उन्हाने उडाले होते. तेच काम चालू असताना एका दुपारी जिन्यात कुणीतरी धापा टाकत असल्याचा आवाज आला आणि दारात डॉक्टर सफवत उभा राहिला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"चार मजले," तो म्हणाला. "पाटीवर लिहायचं तरी."

बहीगाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत न जाता तिथेच उभी राहिली. सफवतने मनगटावरचं घड्याळ सोडून मशीनच्या टेबलावर ठेवलं.

"मी फार विचार केला," तो म्हणाला. "हे पुसता येईल का? सात आणि आठ. पूर्वी होते तसे उलटे काढून द्यायचे. कारखान्याने काढले होते तसेच. तुमच्याइतकं हुबेहूब दुसऱ्या कुणाला जमणार नाही. म्हणाल ते देतो."

लबीबने घड्याळ उचललं. नकळत ते आधी कानाला लावलं. चांगलं चाललं होतं. कुणीतरी रोज जीव लावून किल्ली देत होतं. त्याने ते भिंगाखाली धरलं. वीस वर्षांच्या पोराने काढलेला सात. डाव्या फाट्याला मधोमध अगदी सूक्ष्म असा बाक होता, तो त्या वेळी त्याच्या नजरेतून सुटला होता.

"म्हणजे माझं खरं काम पुसायचं," तो म्हणाला, "आणि त्याच्या जागी कारखान्याचं खोटं काढायचं. मग ते अस्सल."

सफवत खाली बघत राहिला. "तसं म्हटलं तर वाईट दिसतं."

"कसंही म्हटलं तरी. मी नाही करणार."

"मग मी दुसऱ्या कुणाकडे जाईन."

"जा. पण कुणाकडे?"

बहीगा आत गेली आणि बऱ्याच वेळाने तीन पेले चहा घेऊन आली. सफवतने तो सावकाश प्यायला. मग त्याने घड्याळ उचललं, आता याचं काय करावं अशा नजरेने थोडा वेळ हातात धरलं, किल्लीला दोन वेढे दिले आणि मनगटावर बांधलं. चौथ्या मजल्यावरून उतरताना तो प्रत्येक वळणावर थांबत होता, एवढं ऐकू येत होतं.

"येईल परत?" बहीगाने विचारलं.

"कुणास ठाऊक."

तो औषधवाल्याच्या घड्याळाकडे वळला. बारा आकडे झाले होते. सहाच्या वरती, जिथे कारखान्याचं नाव असतं, ती जागा रिकामी होती. त्याने तिथे आपलं नाव लिहिलं. ते फार बारीक झालं, लांबून कुणाला वाचता आलं नसतं. त्याने काडीला स्पिरिट लावून ते उचललं आणि पुन्हा लिहिलं, मोठं.